मेलेलं रबर

जगात शांतता फारच कमी उरली आहे, याचं सर्वांत जास्त दुःख जर कोणा एका माणसाला झालं असेल, तर ते माझ्या मोठ्या साडूंना. बाकीचे लोक गोंगाटाबद्दल तक्रार करतात आणि कूस बदलून झोपी जातात. आमच्या साडूंनी गोंगाटाशी उघड वैर मांडलं, आणि तेही कानावर आदळणाऱ्या साध्या गोंगाटाशी नव्हे, तर जमिनीतून, भिंतीतून, टेबलाच्या पायांतून चोरपावलांनी वर चढणाऱ्या कंपनाशी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, ते यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो, आणि सासुरवाडीतला मी धाकटा जावई म्हणून ते मला 'धाकटेराव' म्हणतात. रायपुरात तात्यापारा मोहल्ल्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या तीन खोल्या आहेत. खाली सकाळपासून दुचाक्यांची झुंबड, आणि वर रस्त्याकडच्या खोलीत भाऊजींचा ॲम्प्लिफायर, तबकडीचा प्लेअर, कॅसेटचा डेक आणि शिसवी लाकडाचे दोन उंच स्पीकर. "गाणं मशीनमंदी चांगलंच असते, धाकटेराव," ते सांगत. "त्याले खराब करते जमीन. जमीन सारखी बोलून राहिली. आपण फक्त तिचं बोलणं तोडाचं."

हे तोडण्याचं साधन म्हणजे पाय. घरी बनवलेले पाय. डेकखाली पहिल्यांदा आले ते अर्धे कापलेले रबरी चेंडू. मग सायकलच्या ट्यूबची वेटोळी. मग खारून नदीची रेती. ती चाळायची, ताईंच्या कढईत भाजून कोरडी करायची आणि कापडी पिशव्यांत शिवायची. त्या कढईतला शिरा पुढे वर्षभर दाताखाली कचकचत होता. त्यानंतर त्यांना शोध लागला, की हवाई चपलेचा झिजलेला तळ या कामाला फार उत्तम, आणि तेव्हापासून त्यांच्या घरी जाणं जोखमीचं झालं. दारात काढलेल्या प्रत्येक चपलेची टाच ते अंगठ्याने दाबून पाहत. एका रविवारी मी उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी, असा घरी आलो. माझी डावी चप्पल चार गोल चकत्या होऊन ॲम्प्लिफायरखाली गेली होती. संध्याकाळी फोन आला, "उजवीबी घेऊन या, प्लेअरले लागते." आणि मी मुकाट्याने नेऊन दिली. पण त्यांची खरी झेप म्हणजे इडल्या. खिडकीच्या काचा चिकटवायचं सिलिकॉन त्यांनी कॉर्नफ्लोरमध्ये मळलं, ताईंच्या इडलीपात्रात थापलं आणि पंख्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोळा पांढऱ्याशुभ्र इडल्या तयार. त्यांना पीठ आंबल्यासारखा आंबट वाससुद्धा येत होता. माझ्या बायकोने ताटलीतली एक उचलून चटणीत बुडवली आणि दात रोवले. दात परत आले. "थे स्पीकरची आहे," भाऊजी कळवळून म्हणाले, "धुऊन ठेवून दे."

पाय तयार झाला, की त्याची परीक्षा. बेरिंगमधला एक पोलादी छर्रा वीतभर उंचीवरून त्यावर सोडायचा. छर्ऱ्याने तीन उड्या मारल्या तर पाय बाद. दोन मारल्या तर फ्रीजखाली. छर्रा पडला आणि जागच्या जागी थबकला, तरच पास. "रबर मेलेलं पाहिजे," ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा फार शांत असे. "जिवंत रबर उलटून बोलते. मेलेलं रबर ऐकते अन् पोटात ठेवते." हळूहळू त्या घरातली एकेक वस्तू मेलेल्या रबरावर चढली. फ्रीज चढला, कपाट चढलं, दिवाण चढला, शेवटी देव्हाराही चढला. गणपतीला फूल वाहिलं, की तो हळूच मान हलवी आणि बराच वेळ हलवत राही. माझी बायको त्या देव्हाऱ्यापुढे एकटी जाईनाशी झाली. प्रत्येक वस्तूवर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी, पाण्यावर चिमूटभर हळद. कंपन आलं तर हळदीत बारीक गोल उमटणार. दुपारी खालचं दुकान जेवणासाठी बंद झालं, की त्या वाट्या अशा निश्चल होत की आपण श्वास घेतो आहोत याचीच लाज वाटावी. त्या घरात जमिनीला टेकलेलं असं काही उरलं असेल, तर ती आम्ही माणसं.

आणि ही सगळी विद्या कुठून आली, तर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमधून. भाऊजी तिथे तीसेक वर्षं मेंटेनन्सला होते. यंत्र धडधडत असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, हे त्यांचं काम. क्षणभर ऐकून ते सांगत, "हे मंगळवारी जाईन." आणि ते मंगळवारी जाई. मोठे साहेब लोक नवीन मापकं घेऊन येत आणि अखेर यांच्याकडे वळून विचारत, "भैया, आप क्या बोलते हो?" कानात बोळे घाला असं मिलवाले सांगून थकले. "कानात बोळे घालून कोणी ऐकते काय?" हे त्यांचं उत्तर. त्यांची नोकरी, त्यांचा मान, त्यांचं नाव, सगळं त्या दोन कानांवर उभं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

निवृत्तीनंतर त्यांचा स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगला गेला, पण सवय गेली नाही. आता ते माणसं वाचू लागले. वाटीतल्या हळदीत गोल उमटला, की मान वर न करता म्हणत, "दूधवाला. नाही, मागं फिरला." दूधवाला खरोखरच मागं फिरलेला असे. एकदा आमचे सासरे जिना चढत होते. भाऊजी वाटीकडे पाहत मला म्हणाले, "बाबांचा उजवा पाय उशिरा पडून राहिला." आम्ही हसलो. सासरे वर आले, दोनदा चहा प्याले, राजकारणावर तासभर बोलले. दोन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्या जिन्यावर आमच्यापैकी कोणी सहज म्हणून चढलं नाही. माझी बायको तर परीक्षेला बसल्यासारखी एकेक पायरी चढे. मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊजी, मी कसा चढतो?" त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा. चहा घ्या."

आता कॅसेटची गोष्ट. ताईंच्या लग्नानंतरचा पहिला गणपती. मोहल्ल्यातल्या मंडपात नव्या सूनबाईंना गाण्याचा आग्रह झाला आणि ताईंनी एक गवळण म्हटली. साथीला पेटी, ढोलकी, ताईंच्याच हातांचा ठेका आणि झांजेवर खुद्द भाऊजी. कोणीतरी ती टेप करून घेतली. भाऊजींकडे चांगल्या गवयांच्या ढीगभर तबकड्या आहेत, पण हा सगळा संसार, हे सगळे पाय, खरं म्हणजे त्या एका कॅसेटसाठी होते. रोज दुपारी साडेतीनला ते ती लावत. अशाच एका दुपारी, चारेक वर्षांपूर्वी, मी समोर बसलो होतो. गवळण अर्ध्यावर आली आणि ते पुढे झुकले.

"या टेपमंदी मांग रातकिडे होते," ते म्हणाले. "संध्याकाळ होती, मंडपामागं गवत होतं. पहिले ते रातकिडे गेले. मंग हिच्या बांगड्या गेल्या. आता झांज गेली. मी सोता वाजवली ना जी थे झांज! थे कुठं जाईन?" मग त्यांनी मागे वळून कपाटाकडे, दाराकडे, छताकडे पाहिलं. "घरात काहीतरी आहे, धाकटेराव. आवाज खाऊन राहिलं. बारीक बारीक आधी."

भर दुपार होती, खाली स्कूटरवाले एकमेकांवर ओरडत होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. कारण मला झांज स्वच्छ ऐकू येत होती. प्रत्येक ठेक्याला, टिन् टिन्, अगदी ताजी. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांच्या खुर्चीमागे ताई उभ्या दिसल्या. त्या जोरजोरात मान हलवत होत्या. नाही म्हणा, नाही म्हणा. "तुमाले आली का ऐकू?" भाऊजींनी माझ्या ओठांकडे पाहत विचारलं. "नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात ताईंनी पदराने डोळे पुसले. "त्यांचे कान गेले, भाऊ. कुकरची शिटी नाही ऐकू येत, दाराची बेल नाही येत. झांजेचं मले पहिल्यांदा विचारलं, अन् मी नाही म्हणून बसली. काहून म्हटलं, मलेच नाही मालूम. त्यांच्या तोंडाकडे पाहून हो म्हणवलंच नाही." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "कान गेले म्हणून समजलं त हा माणूस बसून जाईन. आता तुमीबी सगळे नाहीच म्हणा." असं ठरलं. भाऊजींनी झांजेचं विचारलं की सगळ्यांनी 'नाही' म्हणायचं, म्हणजे दोष घराकडे राहील आणि कानांकडे जाणार नाही. माझी सगळी हयात सरकारी कचेरीत माहितीच्या तक्त्यांवर 'निरंक' लिहिण्यात गेलेली. मला ते जड गेलं नाही. उलट मी फार चांगला 'नाही' म्हणत असे, थोडा विचार करून, कपाळाला आठी घालून.

त्या एका शब्दाचं जे झालं, ते मात्र आमच्यापैकी कोणीच धरून चाललं नव्हतं. आवाज खाणारी वस्तू सापडेना, तसे भाऊजी अधिकच पेटले. पायांवर पाय रचले गेले. मिक्सर बंद झाला, ताई पाट्यावर वाटू लागल्या. दाराला आतून गोधडी लागली. "बांगड्यांनं हवा हलते," असं ते एकदा म्हणाले आणि ताईंनी हातातल्या काढून डब्यात ठेवल्या. ताईंना काम करताना गुणगुणायची सवय होती, तीही सुटली. ज्या गळ्याची टेप तो माणूस रोज जिवाचे कान करून ऐकत होता, तो गळा तीन पावलांवर स्वयंपाकघरात मुका बसून होता. आणि आम्ही रविवारी जाऊन 'नाही' म्हणून येत होतो. माझ्या मनाने मलाही शिक्षा दिलीच. एका दुपारी मी सरावाने 'नाही' म्हणालो आणि मग ध्यानात आलं, की त्या ठेक्याला खरंच मला झांज आली नव्हती. पुढच्या ठेक्याला आली. तो गेलेला एक ठेका मी घरी गेल्यावरही शोधत राहिलो. हे मी कोणाला सांगितलं नाही.

या साऱ्या कटात एकच माणूस नव्हतं, आणि ती म्हणजे भांड्यांना येणारी दुलारी. टेप चालू असताना तिला त्या खोलीत बंदी असे, कारण तिच्या पोछ्याने वाटीत लाटा येत. त्यामुळे तिला शिकवून ठेवावं असं कोणाला सुचलंच नाही. परवाच्या उन्हाळ्यातली ती दुपार. भाऊजींनी नवीन पाय केले होते, खाली रेती, मध्ये छर्रे, वर इडली, आणि छर्ऱ्याने त्यांवर अर्धीसुद्धा उडी मारली नव्हती. "आज येईन," ते म्हणाले. ताई, माझी बायको आणि मी रांगेत बसलो. गवळण सुरू झाली. दुलारी ओले हात घेऊन दारात येऊन थांबली, आणि थांबल्या थांबल्या तिची मान डोलायला लागली, नेमकी झांजेवर. कान गेल्यापासून भाऊजींचे डोळे फार तीक्ष्ण झाले होते. त्यांनी ती मान पाहिली.

"का सुनावत हे?" काय ऐकू येतं, असं त्यांनी तिला तिच्या छत्तीसगढीत विचारलं.

"गाना, कका," दुलारी हसून म्हणाली. "अउ झांझ. झांझ ह तो बने बाजत हे."

झांज छान वाजते आहे, हे ती सांगून मोकळी झाली. ताईंचा हात वर गेला, पण उशीर झाला होता. "झांझ? हव?" भाऊजींनी पुन्हा विचारलं. "हव, कका." त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, मग माझ्याकडे. मी वाटीकडे पाहत बसलो. हळदीत एकही गोल नव्हता. इतकी कडेकोट शांतता त्या घरात त्याआधी कधी जमली नव्हती, आणि ज्या दिवशी जमली त्या दिवशी ती सोसवेना. भाऊजींनी उठून टेप बंद केली. "कधीपासून?" "चार वर्षं," ताई म्हणाल्या. आम्ही ओरडण्याची वाट पाहिली. ते ओरडले नाहीत. त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि ते पिवळं झालेलं बोट कितीतरी वेळ पाहत राहिले.

आठवड्याने ताईंचा फोन आला. "पाय काढून राहिले, या." मी गेलो तेव्हा भाऊजी कपाटाखाली पहार घालून इडल्या ओढत होते. फ्रीज खाली उतरला आणि त्याची घरघर फरशीतून माझ्या तळव्यांत शिरली. दिवाण उतरला, देव्हारा उतरला. गणपतीची मान थांबली. सगळे पाय एका पोत्यात गेले. काम संपवून घाम पुसत ते ताईंना म्हणाले, "एवढ्या खेपा नाही नाही म्हणून थकली नाही का तू?" ताई म्हणाल्या, "थकली ना जी," आणि रडायला लागल्या. भाऊजींना काय करावं कळेना. "सांगाचं ना मंग," ते ओरडले, कारण आता त्यांना हळू बोलणं जमतच नव्हतं, "चार वर्षं तुले पाट्यावर वाटाले लावलं मी!" आणि स्वतः जाऊन त्यांनी मिक्सर माळ्यावरून काढला.

त्यानंतरच्या रविवारी आम्हा दोघांना खास बोलावणं आलं. दुपारचे साडेतीन. दिवाणावरची गादी काढून नुसती फळी ठेवली होती, आणि एक स्पीकर त्या फळीवर आडवा, तोंड खाली करून, बिनपायाचा. पायाशिवायचा स्पीकर मी त्या घरात पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारी भाऊजी मांडी घालून, दोन्ही तळवे फळीवर पसरून बसले. ताईंनी टेप लावली. त्यांच्या हातांत बांगड्या होत्या. "ढोलकी आली," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "पेटी थोडी थोडी. हा तुया आवाज. आता मी येतो." त्यांनी मांडीवरून काहीतरी उचललं. ती देव्हाऱ्यातली आरतीची झांज होती. ताई टाळी धरू लागल्या, आणि भाऊजींनी झांजेवर झांज आपटली.

मी आयुष्यात पुष्कळ गाणी ऐकली, पण असं काही ऐकलं नव्हतं. झांजा दोन होत्या. एक मंडपातली, त्या काळ्याभोर केसांच्या नव्या नवरदेवाची, आणि एक समोरच्या टकल्या म्हाताऱ्याची. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची ऐकू येत नव्हती, आणि दोघांत केसाचंही अंतर नव्हतं. माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. कोपऱ्यात कोणीतरी तरुण माणूस उभा आहे असं वाटून मी खरोखरच मागे वळून पाहिलं.

गवळण संपत आली तशी भाऊजींनी झांज खाली ठेवली आणि डोळे उघडले. "आली का ऐकू, धाकटेराव?"

चार वर्षांच्या सरावाने 'नाही' जिभेवर आलाच होता. तो मी गिळला. "आली, भाऊजी. दोन आल्या."

"अन् बांगड्या?"

"त्यापण दोन."

त्यांनी मान हलवली. टेपमधलं गाणं थांबलं होतं, मंडपातले लोक बोलत होते, कोणी हसत होतं. "अन् रातकिडे?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. मंडपातलं बोलणं ऐकलं, टेपची सरसर ऐकली. रातकिडे ऐकू आले नाहीत. मी स्पीकरच्या जवळ सरकलो, पुन्हा कान दिला. नव्हते. "आहेत ना," माझी बायको मागून म्हणाली. "केवढ्यानं ओरडून राहिले बाप्पा." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे ताई खुर्चीमागे उभ्या राहून खुणावत नव्हत्या, कोणी कोणाला काही शिकवलेलं नव्हतं, आणि ती साधं खरं तेच बोलत होती. भाऊजींचेही पहिल्यांदा रातकिडेच गेले होते, हे मला आठवलं.

भाऊजी या वेळी माझ्या ओठांकडे पाहत नव्हते. डोळ्यांकडे पाहत होते. 'आहेत' म्हणावं की 'नाही' म्हणावं, हे माझं ठरेना, आणि त्यांनी वाट पाहिली नाही. जरा सरकून त्यांनी मला फळीवर जागा करून दिली, माझा हात धरला, तळवा पालथा करून फळीवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. मग ताईंना टेप पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. फळीतून ढोलकी आली. तिच्यामागून ताईंचा स्वर माझ्या मनगटापर्यंत चढला. भाऊजींचा हात जड होता आणि ऊनही होता, आणि टेप संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.